काउंटरच्या दोन बाजू

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला दिलेला विषय आहे ‘दुकानदार, व्यावसायिक आणि त्यांनी पाळायचे कायदे’. विषय कळल्यावर आमच्या गटातली एक बाई म्हणाली, “ताई, दुकानदारांनी पाळायचे कायदे आपण कशाला शिकायचे? त्यांना शिकवा की.” तिचं म्हणणं खोटं नाही. पण दुकानदाराला कायदा सांगायला त्याचा हिशेबनीस असतो, सल्लागार असतो. त्याच्याकडून खरेदी करणारी बाई आणि त्याच्याकडे नोकरी करणारी बाई, या दोघींना सांगणारं कुणी नसतं. आणि पुष्कळदा या दोघी एकाच वस्तीत, एकाच गल्लीत राहतात. म्हणून मी आज दोन्ही कायद्यांबद्दल एकत्र बोलणार आहे. ते एकत्र का, हे सांगण्यासाठी आमच्याच हातून झालेली एक चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका बाईने भाचीच्या लग्नासाठी बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानातून साडी घेतली. किंमत बावीसशे रुपये. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं होतं, “रंग पक्का आहे, काकू, अगदी बिनधास्त धुवा.” पहिल्याच धुण्यात काठाचा रंग अंगभर पसरला. बाई साडी घेऊन दुकानात गेल्या. मालकांनी बिलावर छापलेली ओळ दाखवली : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आता ही ओळ तुम्ही हजार वेळा वाचली असेल. ती छापली म्हणून कायदा होत नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणजे काय हे सांगितलं आहे. बिल न देणं ही अनुचित प्रथा. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीही अनुचित प्रथा. आणि मालाबद्दल खोटी खात्री देणं, मग ती तोंडी का असेना, हीसुद्धा. हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही दहा-बारा जणी दुकानात गेलो. कायद्याचं कलम वाचून दाखवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तिथल्या तिथे लावला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही, असं ठणकावून सांगितलं. मालकांनी आम्हाला बसवलं, थंड पाणी दिलं आणि अर्ध्या तासात बावीसशे रुपये मोजून परत दिले.

आम्ही विजयी मुद्रेने बाहेर पडलो. दर बैठकीत ही हकिगत सांगू लागलो.

दोन महिन्यांनी वस्तीतल्या बैठकीत मी ती पुन्हा रंगवून सांगत होते. मागे बसलेली एक विशी-बाविशीची मुलगी बैठक संपल्यावर थांबली. म्हणाली, “ताई, ती साडी मीच दाखवली होती. बाराशे रुपये माझ्या पगारातून कापलेत. हजार पुढच्या महिन्यात कापणार आहेत.” मी विचारलं, का? “शेठ म्हणाले, रंग पक्का आहे असं तू बोललीस ना, मग तूच भर.”

तिचा पगार होता सात हजार. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, आठवड्याला एक सुट्टी, सणासुदीत तीही नाही. “रंग पक्का आहे” हे वाक्य तिने स्वतःच्या मनाने म्हटलेलं नव्हतं. कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात : साडी उलगडायची कशी, काठ खांद्यावर टाकून दाखवायचा कसा आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर काय म्हणायचं.

मला त्या रात्री झोप लागली नाही, हे मी प्रांजळपणे सांगते. आम्ही दहा-बारा जणी त्या दुकानात अर्धा तास बसलो होतो. ती मुलगी समोर उभी होती. आमच्यापैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. उलट, “हिनेच सांगितलं होतं रंग पक्का आहे म्हणून,” असं तिच्याकडे बोट दाखवून आम्हीच म्हटलं होतं. पुरावा म्हणून!

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना आम्हाला कामगार कल्याण वेगळं शिकवलं, महिला आणि कुटुंब वेगळं शिकवलं, ग्राहक चळवळीवर एखादं व्याख्यान झालं. कागदावर ही तीन वेगळी माणसं होती. प्रत्यक्षात बाई एकच असते. महिनाभर ती काउंटरच्या आत उभी असते आणि पगाराच्या दिवशी दुसऱ्या काउंटरच्या बाहेर.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यांच्यावर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत, ते रास्तही आहेत. पण आज माझा भर आहे तो त्यातल्या हाती धरण्याजोग्या गोष्टींवर. वेतन संहिता २०१९ म्हणते की पगारातून कपात करायची तर ती कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते. मालाच्या नुकसानीबद्दल कपात केव्हा? तो माल त्या व्यक्तीकडे सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपवलेला असेल आणि नुकसान थेट तिच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तेव्हाच. तेही तिला आपली बाजू मांडायची संधी दिल्यावर. ही अट काही नवी नाही, १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही होती. मग मला सांगा, काठाचा रंग गेला यात त्या मुलीचा कोणता हलगर्जीपणा? रंग तिने दिला नव्हता. माल तिने खरेदी केला नव्हता.

दंडाचंही तसंच. पाच मिनिटं उशीर झाला की पन्नास रुपये, मोबाइल पाहिला की शंभर. हे सर्रास चालतं. कायद्याप्रमाणे कोणत्या चुकीला दंड होऊ शकतो हे आधी मंजूर करून घेऊन लेखी लावलेलं असावं लागतं, कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि एका पगाराच्या मुदतीत सगळे दंड मिळून त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सात हजार पगार असेल तर दोनशे दहा रुपये, बस्स. त्या दंडाचा पैसासुद्धा मालकाच्या गल्ल्यात जायचा नाही, तो कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. आणखी तीन-चार गोष्टी वहीत लिहून घ्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने. पगाराची चिठ्ठी द्यायलाच हवी. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. आणि पगार दिला नाही अशी तक्रार झाली, तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे, मुलीची नाही.

ही वेतन संहिता दुकान लहान की मोठं हे विचारत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण दुसरे बरेच कायदे तसं विचारतात. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून मोकळीक मिळाली. २०२५ मध्ये सरकारने ती मर्यादा वीसवर नेली आणि रोजचे कामाचे तास नवावरून दहा केले. आपल्या तालुक्याच्या गावात वीस माणसं कामाला असलेली दुकानं किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे जिथे आपल्या मुली कामाला आहेत, नेमकी तीच दुकानं त्या कायद्याच्या बाहेर पडली. म्हणून जे कायदे लहान दुकानालाही लागू आहेत, ते आपल्याला पाठच हवेत.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यातलाच. दहा किंवा अधिक माणसं असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. या कायद्यातल्या दोन गोष्टी फार कमी जणींना ठाऊक असतात. एक, तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाईक बाईशी तिथे कुणी गैर वागलं तर तीही तक्रार करू शकते. दोन, कामाच्या जागी जे बाहेरचे लोक येतात त्यांच्यापासूनही कामगार बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. साडी घेताना मुद्दाम हाताला हात लावणारा गिऱ्हाईक हा ‘धंद्यात चालायचंच’ यात मोडत नाही. इथे कायद्याने काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना एकत्र धरलं आहे.

आणि खुर्ची! मघाशी म्हटलं ना, मालकांनी आम्हाला बसवलं. त्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी बैठक होती, खुर्च्या होत्या. आतल्या बाजूला एकही नव्हती. ती मुलगी म्हणाली, “ताई, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. रस्त्यावरून दिसतं, दुकान आळशी वाटतं.” संध्याकाळी पाय सुजतात. लघवीला जायला लागू नये म्हणून या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. केरळात कोळिकोडच्या बाजारपेठेत शिलाईकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांना संघटित केलं. सुरुवात झाली ती स्वच्छतागृहाच्या मागणीपासून. मग बसण्याच्या हक्काची मागणी आली. अनेक वर्षं लढल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती केली. २०२१ मध्ये तामिळनाडूने केली. आता नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेत, जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत तिथे, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय मालकाने करायची आहे. कायद्यात एक खुर्ची यायला एवढा काळ लागला. ती दुकानात यायला आपण किती वर्षं लावायची, हे आपण ठरवायचं आहे.

तर त्या मुलीचं पुढे काय झालं? आम्ही लगेच म्हटलं, चला, पुन्हा जाऊ दुकानात. ती हात जोडून म्हणाली, “नको. तुम्ही आलात तर माझी नोकरी जाईल. वडील आजारी आहेत.” इथे मला दोन कायद्यांतला खरा फरक समजला. ग्राहक म्हणून तक्रार केली तर आपलं जाऊन जाऊन काय जातं? पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाऊ. कामगार म्हणून तक्रार केली तर चूल विझते. कलमं दोन्हीकडे आहेत, पण ती वापरायची किंमत दोघींना सारखी पडत नाही. म्हणून ज्या बाजूला भीती कमी आहे त्या बाजूच्या बाईने तोंड उघडायला हवं. म्हणजे आपण, गिऱ्हाईक म्हणून.

आम्ही तिचं नाव कुठेच घेतलं नाही. त्या एका दुकानात न जाता व्यापारी मंडळाकडे गेलो. म्हटलं, ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यात, तुमच्याच सोयीसाठी एक बैठक घ्या, आम्ही कायदे समजावून सांगतो. बैठकीला पंचवीस-तीस दुकानदार आले. ग्राहक कायदा सांगता सांगता आम्ही वेतनातल्या कपातीकडे आलो. त्यावर ते मालक उसळून म्हणाले, “माल परत घ्या म्हणता, पगार कापू नका म्हणता. मग मी काय खिशातून भरू? सुरतेचा ठोक व्यापारी माझा माल परत घेत नाही.”

मैत्रिणींनो, याचा आपण राग करून भागणार नाही. तो माणूस त्याच्या जागी अडलेला होता. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही, म्हणून त्याला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. पण १९३० चा माल विक्री कायदा त्यालाही आहे. त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट त्यात गृहीतच धरलेली आहे. आम्ही त्यांना विचारलं, “सुरतेला तुम्ही लेखी कळवलंत का?” नव्हतं कळवलं. वरच्याशी भांडायला वेळ लागतो, पत्र लिहावं लागतं. खालच्या मुलीचा पगार कापायला काहीच लागत नाही. म्हणून तोटा नेहमी खाली घरंगळतो आणि ज्याच्या खाली कुणी नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो. ती बहुतेक वेळा बाई असते.

साडी खराब निघाली, रंग पक्का नव्हता, म्हणून ती आम्हाला परत घ्यावी लागली, असं पत्र आम्ही त्यांना लिहून दिलं, साडी वापरणाऱ्या बाईंच्या सहीनिशी. सुरतेच्या व्यापाऱ्याने पुढच्या बिलात रक्कम वळती केली. दुसरे हजार रुपये त्या मुलीच्या पगारातून कापले गेले नाहीत. पहिले बाराशे मात्र तिला परत मिळाले नाहीत. ते आमच्याकडून तिचं देणं आहे असं मी धरते.

पण या कहाणीचा शेवट इथे नाही. व्यापारी मंडळाच्या बैठकीहून परत आलो, तेव्हा आमच्या गटाच्या पापड-मसाल्याच्या युनिटचा हिशेब चालला होता. लग्नसराईत आम्ही बाहेरच्या चार बायका पापड लाटायला बोलावतो, किलोवर मजुरी देतो. वहीत एक नोंद होती : “परत आलेला माल ६ किलो, लाटणावळ वजा.” म्हणजे एका केटररने पापड दमट निघाले म्हणून परत पाठवले होते आणि आम्ही लाटणाऱ्या बायकांची मजुरी कापली होती. पापड दमट का? पाऊस होता, पॅकिंगची पिशवी आमची हलकी होती. लाटणारीचा त्यात काय दोष? ती नोंद माझ्याच देखरेखीखाली झालेली होती. आपण शेठ नाही, आपण बचत गट, असं म्हणत आम्हीही तेच केलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही आमच्याच युनिटला दुकानदाराचे सगळे नियम लावले. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा क्रमांक. हे ग्राहकासाठी. आणि भिंतीवर किलोचा दर, मजुरी कोणत्या दिवशी मिळेल ते, लाटणाऱ्या प्रत्येकीला हिशेबाची चिठ्ठी. हे कामगारासाठी. परत आलेल्या मालाचा तोटा युनिटच्या नफ्यातून जाईल, मजुरीतून नाही, असा ठराव केला. तो ठराव होताना दोन सभासद बाया रागावून उठून गेल्या, हेही सांगितलं पाहिजे. नफा कमी झाला. पॅकिंग मात्र सुधारलं, कारण तोटा आता आमच्या अंगाशी येणार होता. मालाचा दोष दूर करायची ताकद ज्याच्या हातात आहे त्याच्यावरच तोटा पडला, तर माल सुधारतो. लाटणारीवर पडला तर तो कधीच सुधारत नाही.

शेवटी, परत गेल्यावर काय करायचं ते सांगते. दुकानदाराला लिहायच्या तक्रारीच्या अर्जात आम्ही आता एक वाक्य कायम घालतो : “या परताव्याची कोणतीही कपात विक्रेत्या कर्मचाऱ्याच्या वेतनातून करू नये, तसे करणे वेतन संहितेच्या विरुद्ध आहे.” तक्रार मालकाविरुद्ध लिहायची, काउंटरवरच्या मुलीचं नाव पुराव्यासाठीसुद्धा ओढायचं नाही. बिल त्याच्या नावाचं असतं, बोलण्याची जबाबदारीही त्याची. दुकानात गेलात की आतल्या बाजूला खुर्ची आहे का ते बघा, आणि नसेल तर मालकाला विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेलं त्याला ऐकू येतं. आणि आपल्या गटाची मजुरीची वही आज घरी गेल्यावर उघडा.

ती मुलगी अजून त्याच दुकानात आहे. मागच्या दिवाळीत मी साडी घ्यायला गेले होते. तिने काठ खांद्यावर टाकून दाखवला आणि हळूच म्हणाली, “ताई, ही पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी भिजवा. रंगाचं सांगता येत नाही.” मालक दोन हातांवर बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि काही बोलले नाहीत. आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. पाच मुलींत एक.

तेव्हा अजून चार बाकी आहेत, मैत्रिणींनो.